खुर्ची रिकामी राहिल्याचा फायदा

बँकेत ट्रेझरी (बँकेच्या स्वतःच्या पैशांचे व्यवहार करणारा विभाग) किंवा करन्सी चेस्ट (नोटांचा साठा ठेवायची तिजोरी) अशा नाजूक जागेवर काम करणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा अचानक निरोप येतो: उद्यापासून रजेवर जा. आधी कल्पना दिलेली नसते. निदान दहा कामाचे दिवस, तेही सलग. त्या काळात त्याला कामाच्या कागदांना हात लावता येत नाही, सिस्टिममध्ये शिरता येत नाही. सगळ्यांना असतो तो बँकेचा साधा ईमेल तेवढा उघडतो. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२१ मध्ये परिपत्रक काढून बँकांना हा नियम घालून दिला आहे.

रजा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. कर्मचारी अर्ज घेऊन उभा आणि साहेब कॅलेंडर बघत का-कू करतोय. इथे मालकच हट्टाने माणसाला घरी पाठवतो, पगार चालू ठेवून पाठवतो. असं का, हे नीट समजलं की रजेच्या फायद्याचं निम्मं गणित सुटतं.

पैशांचा घोटाळा एकदा करून संपत नाही, तो रोज सांभाळावा लागतो. एका ग्राहकाचे पैसे वापरले, ते भरायला दुसऱ्याचे घेतले, दुसऱ्याचे भरायला तिसऱ्याचे. ही साखळी चालवणारा माणूस रोज जागेवर लागतो. तो आठ-दहा दिवस नसला, त्याच्या टेबलावर दुसरं कोणी बसलं आणि एखादा ग्राहक चौकशीला आला, की जुळत नसलेला आकडा वर येतो. फ्रान्सच्या सोसिएते जेनेराल बँकेला जेरोम केर्विएल या ट्रेडरच्या छुप्या व्यवहारांमुळे जानेवारी २००८ मध्ये सुमारे ४.९ अब्ज युरोंचा फटका बसला. त्याआधीच्या अख्ख्या वर्षात त्याने जेमतेम चार दिवस रजा घेतली होती. कधीच रजा न घेणारा माणूस बँकेच्या तपासनिसांना तेव्हापासून आणखीच खटकू लागला.

पण लबाड माणसं थोडी असतात. प्रामाणिक माणूस रजेवर गेला तरी खुर्ची रिकामी पडते आणि ती बरंच काही दाखवते. हे मी स्वतः पाहिलंय.

भोसरीतल्या एका लहान मशीन शॉपचं मस्टर आणि पगार मी काही वर्षं सांभाळत होतो. तिथे स्टोअरला एक काका होते. अकरा वर्षांत त्यांनी सलग दोन दिवसांपेक्षा जास्त रजा घेतली नव्हती, आणि मालक ते कौतुकाने सांगायचे. मग मुलीचं लग्न निघालं, गाव बार्शीकडचं, आणि काका बारा दिवसांच्या रजेवर गेले. दुसऱ्याच दिवशी सीएनसी मशीनचे इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारी बदलायची छोटी पाती, संपले. खणातल्या मालाची नोंद ठेवायच्या बिन कार्डावर शिल्लक चाळीस, रॅकमध्ये सापडले सहा. काकांनी कधी काही चोरलं नव्हतं. कार्ड भरायचं राहून जायचं इतकंच, कारण खरा साठा त्यांच्या डोक्यात पक्का होता. कोणता माल कोणाकडून मागवायचा, कोण चार दिवसांत देतो, कोण आठ दिवस लावतो, सगळं तोंडपाठ. पहिले तीन दिवस आम्ही त्यांना तासातासाला फोन केले आणि बिचाऱ्यांनी हळदीच्या गडबडीतून उत्तरं दिली. चौथ्या दिवशी मालकांनाच ओशाळल्यासारखं झालं. आता फोन करायचा नाही, म्हणाले. दोन पोरं रॅकसमोर बसली, एकेक बिन उलटून मोजली. एकाच खणात तीन मापांचे इन्सर्ट मिसळलेले निघाले. बंद पडलेल्या एका मशीनचे सुटे भाग अजून जागा अडवून होते. ड्रॉवरमध्ये पानं पिवळी पडलेली खिशातली डायरी होती, तिच्यात सगळ्या पुरवठादारांचे नंबर काकांच्या बारीक अक्षरात. त्यावरून रजिस्टर तयार झालं, रॅकवर लेबलं लागली.

अकरा वर्षं तो कारखाना एका माणसाच्या आठवणीवर चालला होता आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता. काका आजारी पडले असते, नोकरी सोडून गेले असते, तर हेच सगळं ऐन डिस्पॅचच्या आठवड्यात उघडं पडलं असतं. ठरवून दिलेल्या रजेत ते निस्तरायला वेळ मिळाला. मोठ्या कंपन्या आपली यंत्रणा तपासायला सल्लागार नेमतात. सलग रजा ती तपासणी फुकटात करून देते, शिवाय स्टोअरच्या त्या दोन पोरांना काम शिकवून जाते.

आता कामगाराच्या बाजूने बघू.

काम करताना शरीर ताणाखाली असतं. नाडी, रक्तदाब, ताणाची संप्रेरकं वर जातात आणि काम संपलं की हळूहळू खाली यायला हवीत. पूर्ण खाली यायच्या आत पुढचं काम सुरू झालं, की थोडी बाकी उरते. रोजची बाकी लहान असते. झोप आणि रविवार ती बरीचशी फेडतात, सगळी फेडत नाहीत. उरलेली साचत जाते आणि एक दिवस माणूस म्हणतो, "काही झालेलं नाही, पण उठवत नाही." डॉक्टरकडे रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येतात. ती थकबाकी असते.

ती फेडायची तर शरीर घरी असून भागत नाही, डोक्यातूनही काम उतरावं लागतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने सोनेनटाग यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. कामाच्या वेळेनंतर ज्यांच्या मनात कामाचा विचार घोळत राहत नाही, ती माणसं जास्त ताजी आणि समाधानी असतात, असं त्यांच्या आणि इतरांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणून बार्शीच्या मांडवात फोन घेणाऱ्या काकांची पहिल्या तीन दिवसांची रजा रजा नव्हतीच. पगारपत्रकात मी ती रजा म्हणून लावली, ती चूक होती असं मला आज वाटतं.

इथे मालक आणि कामगार दोघांचा फायदा एकाच ठिकाणाहून निघतो: माणूस खरोखर गैरहजर असण्यातून. फोनवर हजर असलेला माणूस विसावत नाही आणि त्याच्या पाठीमागची फटही दिसत नाही. दोघांचं नुकसान एकदमच होतं.

मग रजा किती दिवसांची हवी? नेदरलँड्समध्ये जेसिका द ब्लूम आणि सहकाऱ्यांनी ५४ नोकरदारांचा त्यांच्या मोठ्या सुट्टीच्या आधी, सुट्टीत आणि नंतर मागोवा घेतला. सुट्ट्या सरासरी २३ दिवसांच्या होत्या. सुट्टी लागताच माणसांना पटकन बरं वाटू लागलं आणि आठव्या दिवसाच्या सुमारास ते सर्वांत जास्त होतं. मात्र कामावर परतल्यावर पहिल्या आठवड्यातच सगळं पहिल्या पातळीवर आलं. अभ्यास लहान आहे, त्यावरून आठवा दिवस म्हणजे दगडावरची रेघ समजू नये. पण शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री महाबळेश्वरच्या घाटातल्या रांगेतून परतण्यात काय होत नाही, ते यातून कळतं.

यावर हमखास प्रश्न येतो: आठवड्यात सगळं जिरणार असेल तर रजा घेऊन उपयोग काय? शेतकऱ्याला हा प्रश्न पडणार नाही. विळ्याची धार कापणीत जाते, म्हणून कोणी धार लावणं सोडत नाही, उलट पुन्हा पुन्हा लावतो. परिणाम लवकर ओसरतो याचा सरळ अर्थ असा की दोन-तीन वर्षांतून एकदा महिनाभर जाण्यापेक्षा दर वर्षी एक सलग मोठी आणि अधूनमधून छोट्या रजा घेणं बरं.

दुसऱ्या एका डच अभ्यासातली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत १५३० लोक होते. सुट्टीवर जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी दिसले ते मुख्यतः जाण्याच्या आधी. परत आल्यावर बहुतेकांमध्ये फरक उरला नव्हता. ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली त्यांच्यातच तो थोडा टिकला. वाट पाहण्यातच अर्धं सुख आहे, हे गणपतीला कोकणात जायचं रेल्वे तिकीट महिनोन् महिने आधी काढणाऱ्या चाकरमान्याला सांगायला नको. पण ऑफिसात काय होतं? दोन महिन्यांपूर्वी दिलेला अर्ज साहेबाच्या टेबलावर पडून राहतो आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी मंजूर होतो. दिवस तेवढेच, पगार तेवढाच, आणि त्यातलं वाट पाहण्याचं सुख पुसून टाकलेलं. रजा लवकर मंजूर करण्याला मालकाचा एक रुपयाही लागत नाही.

आरोग्याचे दीर्घकाळचे पुरावेही आहेत, पण ते जपून वाचायला हवेत. अमेरिकेत हृदयरोगाचा धोका जास्त असलेल्या बारा हजारांहून अधिक मध्यमवयीन पुरुषांवर नऊ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. दर वर्षी सुट्टी घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. हेलसिंकीत १९७४ मध्ये १२२२ पुरुष अधिकारी निवडले होते. निम्म्यांना पाच वर्षं आहार-व्यायामाचा सल्ला आणि गरजेप्रमाणे औषधं दिली. कित्येक वर्षांनी असं दिसलं, की सल्ला मिळालेल्या त्या गटात वर्षाला तीन आठवडे किंवा त्याहून कमी सुट्टी घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी जास्त होता. सल्ला न मिळालेल्या गटात सुट्टीमुळे असा फरक दिसला नाही. म्हणजे सुट्टी हे औषध आहे असं यातून सिद्ध होत नाही. ज्यांना सुट्टी मिळते त्यांचं बाकीचं आयुष्यही कदाचित सोपं असतं. उलट्या बाजूचा पुरावा मात्र भक्कम आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून मांडलेल्या हिशेबानुसार आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो.

आता पैशाचा हिशेब, कारण "रजा परवडत नाही" हे वाक्य मी मालकांच्याही तोंडून ऐकलंय आणि कामगारांच्याही.

न घेतलेली पगारी रजा म्हणजे कंपनीच्या डोक्यावरचं कामगाराचं देणं. कंपन्यांना ताळेबंदात तिच्यासाठी तरतूद करावी लागते. हे देणं गुपचूप वाढतं, कारण रजा आज साठते आणि तिचे पैसे द्यायचे ते शेवटच्या पगाराने. समजा एखाद्याने मूळ पगार २० हजार असताना ४५ दिवस साठवले. तेव्हा त्यांची किंमत ३० हजार रुपये. पगार ६० हजारांवर गेल्यावर तो नोकरी सोडतो. त्याच ४५ दिवसांचे आता ९० हजार. शंभर माणसांचे असे दिवस साठले असतील तर मालकाच्या डोक्यावर केवढा बोजा आहे बघा. माणसाला वेळेवर सुट्टीवर पाठवलं असतं तर हा बोजा चढलाच नसता.

कामगारालाही साठवणं सोपं वाटतं. सरकारी नोकरीत निवृत्तीच्या दिवशी अर्जित रजेचे पूर्ण ३०० दिवस खात्यावर असणं अभिमानाने सांगितलं जातं. रोखीकरणाच्या, म्हणजे न घेतलेल्या रजेच्या बदल्यात मिळणाऱ्या, रकमेवर खासगी नोकरदाराला निवृत्तीच्या वेळी मिळणारी करसवलतीची मर्यादा २०२३ पासून ३ लाखांवरून २५ लाखांवर नेली आहे. मुलाची फी, घराचा हप्ता, ऑपरेशन यांसाठी ती रक्कम किती कामाला येते, हे मला माहीत आहे. चेक मी हातात दिलेत आणि त्या वेळचे चेहरे पाहिलेत. तरी मला वाटतं की रजा विकायची सोय जितकी सोपी, तितकी ती घेण्याची सवय मोडते. युरोपीय संघाच्या कायद्यात दर वर्षी किमान चार आठवडे पगारी सुट्टी आहे आणि नोकरी संपल्याशिवाय त्या चार आठवड्यांच्या बदल्यात पैसे देता येत नाहीत. हेतू उघड आहे: माणसाने विसावा घ्यावा म्हणून रजा दिली आहे, बोनस म्हणून नव्हे.

आपल्या कायद्यालाही हे ठाऊक होतं. १९४८ च्या कारखाने कायद्यात वर्षात २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळे. ३०० दिवस भरले तर १५. ही रजा वर्षात जास्तीत जास्त तीन वेळातच घेता येई. रजेचे तुकडे पडू नयेत, ही दृष्टी त्या साध्या अटीत आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत २४० ऐवजी १८० दिवसांची अट आली आहे. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या कायद्यात वीस किंवा अधिक (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहा किंवा अधिक) कामगार असलेल्या ठिकाणी वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा, आठ पगारी सणांच्या सुट्ट्या आणि २० दिवसांमागे एक अर्जित रजा आहे. किरकोळ रजा वर्षाअखेरीस बुडते, अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठते. आपल्या खात्यावर किती दिवस आहेत हे कामगाराला माहीत असावं. मी मस्टर सांभाळायचो तेव्हा दहातले सात जण मला विचारत, "माझ्या किती राहिल्या हो?"

हे सगळं कोणी आपणहून दिलेलं नाही. मुंबईच्या गिरण्यांत माणसं सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत आणि आठवड्याची सुट्टी नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली आणि सहा वर्षं मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार, तो तरी मोकळा द्या, असा त्यांचा युक्तिवाद सांगितला जातो. गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती १० जून १८९० रोजी.

आणि ते सगळ्यांपर्यंत अजून पोहोचलेलं नाही. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याने एक दिवस काम चुकवलं तर त्याला खाडा म्हणतात आणि मुकादम त्याचा दंड उचलीतून, म्हणजे आगाऊ दिलेल्या रकमेच्या हिशेबात, वळता करतो. पाळीच्या त्रासाने खाडे पडतात, हे बीड जिल्ह्यातल्या अनेक बायकांनी गर्भाशय काढून टाकण्यामागचं एक कारण होतं. २०१९ मध्ये विधान परिषदेच्या उपसभापतींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून त्याची चौकशी करावी लागली. रजेबद्दल लिहिताना हे बाजूला ठेवून पुढे जाववत नाही. पगारी रजा नसलेल्या माणसाचं शरीर तिची किंमत भरतं.

बायकांचं आणखी एक. ऑफिसातून रजा घेतलेली बाई घरी अनेकदा दुप्पट राबते. सुट्टी आहेच तर दिवाळीची साफसफाई, पाहुणे, पापड-कुरडया. तिच्या मस्टरवर रजा लागते आणि थकबाकी तशीच राहते. आपल्या जुन्या माणसांना हे कळत होतं, म्हणून तर माहेरपण होतं. लेक माहेरी आली की तिला चुलीपाशी फिरकू देत नसत. घर बदललं की काम सुटतं, हे त्यांनी कुठल्याही संशोधनाशिवाय ओळखलं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीने मळतात आणि पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. वर्षाची सगळी मशागत ज्या खांद्यांवर, त्यांना कमी काम देऊन भागत नाही, त्या दिवशी ते पूर्ण मोकळे ठेवायचे असतात.

रजा जमवायची कशी, हे शेवटी तपशिलाचं काम आहे. अर्धवट राहिलेलं काम डोक्यात टोचत राहतं. पण ते कधी आणि कसं पुरं करायचं हे नेमकं लिहून ठेवलं की ते टोचणं कमी होतं, असं २०११ च्या एका प्रयोगात दिसलं. म्हणून चार्ज देताना तोंडी सांगू नका, एका कागदावर लिहा: काय अर्धं आहे, कोण सांभाळेल, परत आल्यावर पहिलं काय हाती घ्यायचं. तो कागद जितका मागे राहिलेल्यांसाठी, तितकाच जाणाऱ्याच्या शांत झोपेसाठी. मालकाने वर्षाच्या सुरुवातीला रजेचा तक्ता भिंतीवर लावावा, एका जागेवरचे दोघे एकदम जाणार नाहीत हे पाहावं आणि अडचणीच्या वेळी फोन करायला एकाच माणसाला अधिकार द्यावा. आणि साहेबाने स्वतः जावं. तो सुट्टीतून मेल पाठवत राहिला तर खालच्यांना रजा कितीही मंजूर झाली तरी ती घ्यायला धीर होत नाही.

बाराव्या दिवसानंतर काका परत आले. खिशातून पेढ्यांचा पुडा काढून टेबलावर ठेवला आणि स्टोअरच्या दारात थबकले. रॅकवरची नवी लेबलं त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचली. एक तिरकं लागलं होतं, ते काढून सरळ चिकटवलं. त्या पोरांपैकी धाकट्याला हाक मारून विचारलं, चार दिवसांत माल देणारा तो पुरवठादार सापडला का. सापडला, तो म्हणाला, डायरीत होता. पुढच्या जानेवारीत रजेचा तक्ता लावला तेव्हा मे महिन्यासमोर सगळ्यांत आधी काकांनीच आपलं नाव लिहिलं, सलग दहा दिवस.